कुणाची हरकत?

४ मार्च, मंगळवार

अखेर सरकार बनलं. महिनाभर थोरल्या पक्षाचं आणि आमचं लग्न काही जमेना. कधी मानपानावरून अडलं, कधी खात्यांवरून. आज दोन्हीकडचे पुढारी हातात हात घालून पायऱ्यांवर उभे राहिले आणि फोटो निघाला. निवडणुकीत त्यांनी एकमेकांना काय काय म्हटलं होतं ते आठवून हिला हसू आलं. मला नाही आलं. राजकारणात असं बोललेलं धरून बसायचं नसतं.

आमच्या पक्षाला लोक धाकटा पक्ष म्हणतात. म्हणोत बापडे. या धाकट्या पक्षाच्या आमच्या भागातल्या शाखेचा मी पंधरा वर्षं सचिव आहे. आमच्याच शाखेचे मास्तर आज अर्थखात्याचे उपमंत्री झाले. पूर्वी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून मास्तर. शाखेचे अध्यक्ष बेकरीवाले; त्यांनी दिसेल त्याला केक वाटला. पुढेमागे कुणी पक्षाचा इतिहास लिहायला घेतला तर सचिवाची दैनंदिनी उपयोगी पडेल, म्हणून ही वही सुरू केली आहे.

घरची नोंदही एकदाच करून टाकतो. घरात आम्ही तिघं. नाना, म्हणजे माझे वडील, बंदरावर क्रेन चालवायचे. आता त्यांना सकाळ झाली की संध्याकाळ ते उमगत नाही, गॅस चालू ठेवून चालू लागतात, म्हणून दिवसभर ते सरकारी दिवसकेंद्रात असतात. केंद्राची बस सकाळी कोपऱ्यावरून नेते, संध्याकाळी आणून सोडते. ही दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये आहे. मी घरीच असतो. पंप, मिक्सर, वॉशिंग मशीन यांची मॅन्युअल्स लिहितो. ‘यंत्र सुरू करण्यापूर्वी वाचा’ असं ज्यावर छापलेलं असतं आणि जे कुणी वाचत नाही, ते मी लिहिलेलं असतं. लेक नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात असते.

९ मार्च, रविवार

शाखेची बैठक. आम्ही बेकरीच्या माडीवर बसतो. खाली भट्ट्या असल्यामुळे फरशी कायम गरम असते, त्यामुळे सगळेच जरा लवकर पेंगतात.

आमची सभा चालवण्याची पद्धत इतर शाखांनीही उचलली आहे, आणि ती माझी आहे हे लिहायला हरकत नाही. पूर्वी एकेका ठरावावर तास तास काथ्याकूट चालायचा. मी सुचवलं की ठराव वाचायचा, अध्यक्षांनी ‘कुणाची हरकत?’ असं विचारायचं आणि टेबलावर तीनदा ठोकायचं. तिसऱ्या ठोक्यापर्यंत कुणी बोललं नाही तर मंजूर. ठोकायला हातोडी नव्हती, म्हणून बेकरीवाल्यांनी खालून लाटणं आणलं, ते आजतागायत चालू आहे. आमच्या शाखेचा प्रत्येक ठराव एकमताने मंजूर झालेला आहे. असा लौकिक दुसऱ्या कुणाचा नाही.

घरातही मी हीच पद्धत ठेवली आहे. सोफ्याचं कापड, सुट्टीत कुठे जायचं, लेकीच्या कॉलेजचं, सगळं याच पद्धतीने ठरलं. लाटणं तेवढं नाही, मी बोटानेच टेबल वाजवतो. आमच्यात कधी भांडण झालं नाही.

बैठकीहून आल्यावर हिने सांगितलं की लॅबच्या मुख्य बाई निवृत्त होत आहेत आणि मे महिन्यापासून हिला मुख्य करायचं मालकांच्या मनात आहे. मी अभिनंदन केलं. माझा चष्मा कुठे दिसला का, तेही विचारलं.

१२ मार्च

आघाडीचा करारनामा आज छापून आला. गुळगुळीत कागद, दोन्ही पक्षांची चिन्हं शेजारी शेजारी. आमचे मुद्दे ठिकठिकाणी आहेत, नीट पाहिलं तर सापडतात.

‘खर्चातील शिस्त’ या प्रकरणात वृद्धांची दिवसकेंद्रं एप्रिलअखेर बंद करायची असं आहे. मी ते दोनदा वाचलं. निवडणुकीच्या आमच्या पत्रकात ‘दिवसकेंद्रांना हात लागू देणार नाही’ हे वाक्य होतं. चांगलं वाक्य होतं, मीच लिहिलं होतं. गुडघा दुखत असल्यामुळे मला जिने चढवत नव्हते, म्हणून आमच्या भागात ती पत्रकं हिनेच दारोदार वाटली.

पण ते पत्रक एकट्याने सरकार बनवायचं असतं तर लागू होतं. पंप एका घरासाठी घेतला आणि पुढे दोन घरांना पाणी द्यायचं ठरलं, की जुनं मॅन्युअल चालत नाही.

१३ मार्च

लेकीचा फोन. तिने करारनामा वाचला होता. पहिलं वाक्यच असं:

“बाबा, तुम्हा लोकांना ही कपात करायला सांगितलं कुणी?”

मी शांतपणे समजावलं. थोरल्या पक्षाची मतं आणि आमची मतं मिळवली तर निम्म्याहून कितीतरी जास्त होतात. इतका स्पष्ट जनादेश बऱ्याच वर्षांत मिळाला नव्हता.

“अहो पण कपात हवी म्हणणारे त्यांच्याकडे गेले आणि नको म्हणणारे तुमच्याकडे आले. दोघांची बेरीज करून ‘हवी’ कसं काय होतं?”

“मत दिल्यावर विश्वासाने सोपवायचं असतं. नंतर कुणी काही बोललं का? मोर्चा निघाला का? रस्त्यात शांतता आहे.”

“नाना मत द्यायला गेले होते ना? त्यांनी काय म्हणून दिलं?”

नानांना मीच घेऊन गेलो होतो. वाटेत त्यांनी विचारलं होतं, ‘बस येत राहील ना रे?’ मी हो म्हटलं होतं, आणि त्यांनी आमच्या चिन्हावर शिक्का मारला. पण नानांना काय कळतंय, हा मुद्दा निराळा. लेकीला म्हटलं, उगाच फाटे फोडू नकोस.

“आईला विचारलंत का?” ती म्हणाली. करारनाम्याचा आईशी काय संबंध? मुलं शिकली की मुद्द्याला धरून बोलत नाहीत.

१५ मार्च, शनिवार

घरचा प्रश्न पुढे ढकलण्यात अर्थ नव्हता. दुपारी जेवण झाल्यावर विषय काढला.

“केंद्र बंद झालं की नानांजवळ दिवसा कुणीतरी हवं. माझं काम डोक्याचं, त्याला शांतता लागते. मला वाटतं, एप्रिलअखेर तू लॅब सोडावीस. कुणाची हरकत?”

ही ताटं उचलत होती. नाना मटारचे दाणे ताटाच्या कडेला एका रांगेत मांडत होते. मी तीनदा टेबल वाजवलं. कुणी काही बोललं नाही. मंजूर.

ही ताटं घेऊन आत गेली. नळ बराच वेळ नुसता वाहत होता. पाणी वाया घालवायची तिला सवय नाही. सांगणार होतो, मग म्हटलं जाऊ दे.

२० मार्च

संध्याकाळी नानांना उतरवून घ्यायला मी गेलो, कारण हिला लॅबमध्ये उशीर होता. आमची गल्ली चिंचोळी, बसला मागे घेऊन वळावं लागतं. बस थांबली, नाना उतरले आणि घराकडे यायचं सोडून थेट बसच्या मागे जाऊन उभे राहिले. दोन्ही हात वर. मग डाव्या हाताने ये, ये, अजून ये. उजवा पंजा सपाट: हळू. मूठ मिटली: थांब. बंदरावर खालचा माणूस क्रेनवाल्याला असे इशारे देतो. ड्रायव्हर आरशात बघून तंतोतंत ऐकत होता.

“रोज हेच वळवतात मला,” ड्रायव्हर म्हणाला. “यांच्याशिवाय वळवली तर भिंतीला घासेन.”

तो बहुधा नानांचं मन राखायला म्हणत असावा. नानांना मात्र ते दिवसाचं सगळ्यात महत्त्वाचं काम वाटतं. हे मला माहीत नव्हतं. हिला माहीत होतं.

२२ मार्च

मास्तर शाखेत येऊन गेले. गाडीला दिवा नव्हता, तरी गल्लीतली मुलं जमली. चेहरा उतरलेला वाटला. वर्तमानपत्रवाले रोज एकच विचारतात: तुम्हाला या कपातीचा जनादेश आहे का?

“आहे,” मास्तर म्हणाले, “पण तो दाखवता यायला हवा. पक्षाच्या नियमाप्रमाणे करारनाम्याला बहुसंख्य शाखांची मंजुरी लागते. सगळ्या शाखांनी एकमताने दिली की कुणाचं तोंड उघडणार नाही.” मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तुमची ती लाटण्याची पद्धत सगळीकडे कळवली आहे.”

मला अभिमान वाटला, ते का लपवू? कुठेतरी आपलं योगदान आहे.

अडचण एकच. ठरावासाठी गणपूर्ती लागते, आणि औषधाच्या दुकानाची बाई दोन बैठका झाल्या फिरकलेली नाही. तिचं म्हणणं, गिऱ्हाइकं तिला करारनाम्याबद्दल विचारतात आणि तिला उत्तर देता येत नाही. हीसुद्धा सभासद आहे. गणपूर्तीसाठीच मी तिचं नाव घातलं होतं. पूर्वी लागेल तेव्हा येऊन बसायची, विणकाम आणायची. तिला सांगून ठेवलं.

२७ मार्च

ही बदलते आहे आणि मला त्याचा आनंद आहे. आज पहिल्यांदा तिने पक्षाच्या कामात रस दाखवला. मी ठरावाचा मसुदा वाचून दाखवत होतो. ती मेणाच्या साच्यात एकेक दात बसवत होती. घाईचं काम असलं की घरी आणते. मान वर न करता तिने विचारलं:

“अहो, समजा कुणी हरकत घेतली, तर काय होतं?”

मी सगळं सांगितलं. सभासद असलं पाहिजे, तिसऱ्या ठोक्याच्या आत बोललं पाहिजे, कारण सांगितलं पाहिजे. मग हात वर करून मतदान घ्यावं लागतं.

“हळू बोललं तर चालतं?”

“अध्यक्षांना ऐकू गेलं की झालं. पण तो नियम नुसता कागदावर आहे गं. पंधरा वर्षांत कुणी ब्र काढलेला नाही.”

“हो ना,” ती म्हणाली आणि दात दाबून बसवला.

३० मार्च, रविवार

झालेलं जसंच्या तसं लिहितो.

माडी भरली होती. औषधवाली बाईही आली होती, हिच्या शेजारी बसली. मी ठराव वाचला. बेकरीवाल्यांनी लाटणं उचललं. “कुणाची हरकत?” एक ठोका. दुसरा ठोका.

“माझी आहे,” ही म्हणाली.

हळूच म्हणाली, पण माडीवर कुणी खोकतही नव्हतं. बेकरीवाल्यांचं लाटणं तसंच वर राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कारण विचारणं सचिवाचं काम. मी उठलो आणि म्हणालो, “सभासदांची हरकत काय आहे?”

“अहो, सांगते ना,” ती म्हणाली. सगळे हसले. मी हसलो नाही.

मग ती उभी राहिली. विणकाम हातातच होतं.

“ती पत्रकं मी वाटली होती. केंद्राला हात लागू देणार नाही, हे लिहिलेली. प्रत्येक दारात मला विचारायचे, नक्की ना? मी म्हणायचे, नक्की. लोकांनी पक्षाकडे बघून नाही दिलं मत, माझ्या तोंडाकडे बघून दिलं. रोज बाजारात भेटतात ती माणसं. ते मत केंद्र चालू ठेवायला मागून आणलेलं आहे. ते बंद करायला वापरायचं असेल तर पुन्हा त्यांच्या दारात जाऊन विचारावं लागेल. मला कुणी विचारलं नाही, त्यांनाही नाही. गप्प बसलो म्हणजे हो म्हटलं असं होत नाही. एवढंच.”

खाली बसली आणि विणू लागली.

हात वर करून मतदान घ्यावं लागलं. ठराव पडला, थोडक्यात पण पडला. बेकरीवाल्यांनी लाटणं खाली ठेवून हात वर केला. कोणत्या बाजूने ते लिहीत नाही, कारण पाव त्यांच्याकडूनच घेतो.

परत येताना मी तिच्या दोन पावलं पुढेच चालत राहिलो. माझे कान गरम झाले होते. पंधरा वर्षांचा लौकिक माझ्याच घरातून गेला, याचं मला फार वाईट वाटलं. ती काय म्हणाली याचा विचार मी अजून केलेला नाही. सवड मिळाली की करीन.

२ एप्रिल

निकाल लागला. आमची आणि आणखी दोन-तीन शाखा सोडल्या तर सगळीकडे एकमताने मंजूर. टीव्हीवर मास्तर म्हणाले, “पक्षातून कसलाही विरोध नाही. याहून स्पष्ट जनादेश तो कोणता?” गणित त्यांचं पहिल्यापासून पक्कं.

नंतर त्यांचा फोन आला. “घर सांभाळा,” एवढंच म्हणाले. काळजीने म्हणाले की खोचून, ते कळलं नाही.

हिला निकाल सांगितला. “हो, ऐकलं,” म्हणाली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मला वाटलं होतं, निदान हिरमुसेल.

११ एप्रिल

पाणी उपसायच्या पंपाचं मॅन्युअल आज पूर्ण केलं. ‘आवाज येत नाही याचा अर्थ यंत्र सुरळीत चालू आहे असा होत नाही’ हे वाक्य गेली दहा वर्षं प्रत्येक मॅन्युअलमध्ये घालतो. आज लिहिताना जरा अडखळलो. का ते कळेना. चहा घेतला आणि पुढे गेलो.

हिने राजीनामा दिला की नाही ते विचारायचं राहून जातंय. द्यायचा हे १५ मार्चलाच मंजूर झालेलं आहे.

२५ एप्रिल, शुक्रवार

केंद्राचा शेवटचा दिवस. ही लॅबमधून लवकर आली होती. आम्ही दोघंही कोपऱ्यावर उभे राहिलो.

नाना उतरले, मागे गेले, हात वर केले. ये, ये, हळू. मूठ मिटली. बस वळली. ड्रायव्हर खाली उतरला, नानांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, “सुटी झाली, साहेब. उत्तम काम.” नानांनी मान डोलावली. “उद्या वेळेवर ये,” ते म्हणाले.

ड्रायव्हरने आमच्याकडे पाहिलं. हिने तोंड फिरवलं. मी बसचा नंबर वाचत राहिलो. लाज वाटली म्हणून. दुसरा शब्द सुचत नाही.

२७ एप्रिल, रविवार

दुपारचं जेवण झालं. मी उठणार, तोच ही म्हणाली, “बसा जरा.” आत गेली आणि लाटणं घेऊन आली. आमचंच, साधं, एका बाजूने झिजलेलं. माझ्यासमोर बसली.

“उद्यापासून केंद्र नाही. नानांजवळ दिवसा कुणीतरी हवं. मी पहिल्या तारखेपासून लॅबची मुख्य आहे, तसं मालकांना सांगितलं. तुम्ही घरी असता. तेव्हा दिवसा नानांना तुम्ही बघाल, संध्याकाळी मी बघीन. कुणाची हरकत?”

आणि टेबलावर ठोका दिला.

माझ्याकडे मुद्दे होते. आधीचा निर्णय मंजूर आहे, तो रद्द केल्याशिवाय नवा ठराव येत नाही, हा पहिला. माझ्या कामाला शांतता लागते, हा दुसरा. नानांच्या अंघोळीचं, औषधांचं मला काही ठाऊक नाही, हा तिसरा आणि खरा. कुठला आधी मांडावा याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात दुसरा ठोका झाला. ती माझ्याकडेच बघत होती. रागाने नाही. वाट बघत होती, खरंच बोललो असतो तर ऐकलं असतं तिने. एवढ्याशा टेबलाशी, आपल्याच माणसांत, बोलायला इतकं जड जातं हे मला माहीत नव्हतं.

तिसरा ठोका.

“मंजूर,” ती म्हणाली आणि लाटणं जागेवर ठेवायला गेली. नानांनी तिच्या पाठीकडे बघून मूठ मिटली.

२८ एप्रिल, सोमवार

सकाळी ही गेली. नाना तयार होऊन कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले, मी मागोमाग गेलो. बस येणार नाही हे मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि रस्त्याकडे बघत उभे राहिले. ऊन चढायला लागलं तसं मी त्यांचा हात धरायला गेलो. त्यांनी तो सोडवून घेतला, चार पावलं मागे सरले आणि दोन्ही हात वर केले. ये, म्हणाले. अजून ये. मी पाठमोरा झालो आणि मागे मागे चालत त्यांच्याकडे गेलो. हळू. थांब. मग आम्ही घरी आलो.

मॅन्युअलचं एक पानही झालं नाही. अंघोळीला बराच वेळ गेला आणि निम्मी मलाच झाली.

कालच्या ठरावाची नोंद करायची राहिली होती, ती करतो. दिवसा नानांना मी सांभाळावं असा ठराव हिने मांडला. हरकत घेण्यास पुरेसा अवधी देण्यात आला. माझी हरकत होती. ती नोंदवली गेली नाही. ठराव एकमताने मंजूर.